ठराव आणि पाणवठा



राज्यघटनेची उद्देशिका शालेय पाठ्यपुस्तकांच्या प्रारंभी छापलेली असते आणि मुले ती मुखोद्गतही करतात. परंतु पाठांतर म्हणजे नागरिकशिक्षण नव्हे. मूल्य मान्य करणे आणि ते आचरणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क मिळाला. ओंजळीत पाणी आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रहींसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा सत्याग्रहींना मारहाण झाली. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले आणि नगरपालिकेने त्याच वर्षी स्वतःचा ठराव रद्द केला. न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला. ठराव करणारे हात आणि तळ्याकाठचे हात एकाच समाजाचे होते, हे विसरता येत नाही.

याउलट पंढरपूरचे उदाहरण पाहावे. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले. परंतु तत्पूर्वी अनेक महिने ते महाराष्ट्रभर हिंडले होते. त्या दौऱ्यात गावोगावच्या विहिरी आणि देवळे खुली झाली. माणसांची मने आधी वळली, दार मागाहून उघडले. खरे नागरिकशिक्षण ते हेच.

१९७६ साली, आणीबाणीच्या काळात, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये घटनेत समाविष्ट झाली. त्यांत बंधुभाव वाढविण्याचेही कर्तव्य आहे. पण विरोधक तुरुंगात आणि वृत्तपत्रे नियंत्रणाखाली असताना कर्तव्याचा उपदेश करणे म्हणजे नागरिकाकडून केवळ आज्ञाधारकता मागणे होय. हक्कांची जाण नसलेल्याला कर्तव्य शिकविता येत नाही. स्वातंत्र्य आणि समता यांसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येते. बंधुतेसाठी तसे दार नाही. ती शेजारधर्मातूनच वाढते.

म्हणून कार्यकर्त्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. मोलकरणीचा कप घरात वेगळा ठेवलेला आहे काय? भाडेकरू ठेवताना आडनाव विचारले जाते काय? ग्रामसभेत हिशेब मागणाऱ्या एकट्या स्त्रीच्या पाठीशी तो उभा राहतो की सोयीस्कर मौन पाळतो? घरातली मुले उद्देशिका पुस्तकात वाचतात. तिचा अर्थ मात्र ती वडीलधाऱ्यांच्या वागण्यातून शिकतात.

महाडचा ठराव कागदावर राहिला, कारण तो अंगी बाणवणारी माणसे थोडी होती. उद्देशिकेच्या वाट्याला तेच यावे काय, याचे उत्तर प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर द्यावे लागणार आहे.