भीड आणि गिऱ्हाईक

घरच्या टेबलाशी एकट्यानं बसून अनुवाद करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अनुवादकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षानं अनुवादाच्या भाषेबद्दल, शैलीबद्दल बोलावं अशी अपेक्षा असते. ते विषय मलाही प्रिय आहेत. तरी आज मी फसव्या गिऱ्हाइकांबद्दल बोलणार आहे. याला कारण आहे तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेदहाला लातूरहून आलेला एक फोन. आपल्यातलीच एक तरुण अनुवादक होती. दोन मिनिटं तिला बोलताच येईना.

अनुवादाची कामं मिळेनात म्हणून तिनं इंटरनेटवरून घरबसल्या फॉर्म भरण्याचं काम घेतलं होतं. हा फसवणुकीचा प्रकार आता सगळ्या देशात पसरला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी गोड आवाजात फोन येतो. आधार कार्ड आणि सही मागवून घेतात, स्टँप पेपरवर करार होतो. पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर हवी. मूळ मजकूर मुद्दाम पुसट असतो, आणि तपासणी करणारे तेच. मुदत संपली की सांगतात, तुम्ही नापास झालात, आता करार मोडल्याची भरपाई भरा. मग वकिलाच्या नावानं नोटीस येते. तिच्यावर न्यायालयासारखा शिक्का, तराजूचं चित्र, आणि चोवीस तासांत पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील अशी धमकी.

त्या मुलीनं मला पहिला प्रश्न विचारला, तो पैशांचा नव्हता. "ताई, बाबांना कळलं तर?"

मी तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नसतो. ठरलेलं काम पूर्ण झालं नाही, हा दिवाणी वाद आहे. तेवढ्यासाठी कोणाला अटक होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करारात दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि संमतीच फसवून घेतली असेल, तर ज्याची फसवणूक झाली त्याला तो करार रद्द ठरवून घेता येतो. आम्ही त्या नोटिशीला उत्तर दिलं नाही, एक रुपया भरला नाही, सगळे संदेश जपून ठेवले आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. दोन दिवस धमक्यांचे फोन येत राहिले. मग थांबले. बाबांना तिनं स्वतःच सांगितलं, आणि ते तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले.

मला या प्रकरणात लुबाडणाऱ्याची हुशारी फारशी दिसत नाही. त्याला आपल्याबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे आपली भीड. कामाच्या बदल्यात पैसे मागायची भीड, 'तुम्ही कोण' असं विचारायची भीड, फसल्यावर चार माणसांत सांगायची भीड. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या सांगून गेल्या. आपल्या धंद्यात ते रोज खरं होतं.

माझीच गोष्ट सांगते. २०११ साली एका परदेशी अनुवाद संस्थेच्या नावानं मला ईमेल आली. आरोग्यसेविकांसाठीची पुस्तिका, १८,००० शब्द, शब्दाला दीड रुपया. म्हणजे २७,००० रुपये. त्या वेळी माझ्या घरात ती मोठी रक्कम होती. नऊ दिवस मी त्या पुस्तिकेवर मान मोडून काम केलं. बाळंतिणीच्या आहाराच्या प्रकरणासाठी तर शेजारच्या सुईणबाईंना विचारून शब्द मिळवले. काम पाठवलं आणि त्या दिवसापासून तिकडून एक अक्षर आलं नाही. महिन्याभरानं मी ईमेलचा पत्ता पहिल्यांदा नीट वाचला. संस्थेचं नाव खरं होतं, पण पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. आधी इसार मागितला असता तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. तो मी मागितला नाही, कारण एवढी मोठी संस्था, तिला काय वाटेल!

इसार हा शब्द मी मुद्दाम वापरते. बैलाचा सौदा असो, जमिनीचा असो, आपल्याकडे इसार घेतल्याशिवाय बोलणं पक्कं धरत नाहीत, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग १८,००० शब्दांच्या सौद्यातच तो का वाटावा? नव्या गिऱ्हाइकाकडून तीस-चाळीस टक्के आधी घ्या. अपवर्कसारख्या ऑनलाइन कामाच्या मंचावर ठरावीक रकमेचं काम असेल, तर ती रक्कम आधी मंचाकडे जमा होते. ती जमा झाल्याचं दिसेपर्यंत पहिलं वाक्यही लिहू नका. आणि जो पहिल्याच दिवशी म्हणतो, "इथे नको, टेलिग्रामवर या, मंचाचं कमिशन वाचेल," तो तुम्हाला त्या संरक्षणातून बाहेर ओढतो आहे. शिवाय तसं करणं मंचाच्या नियमांविरुद्ध असतं, त्यामुळे पुढे दाद मागायची वाटही बंद होते.

आता उलटा प्रकार पाहा, ज्यात गिऱ्हाईक तुम्हालाच जास्त पैसे देतं. दुभाष्याचं काम करणाऱ्यांना हा जुना अनुभव आहे. परदेशातलं कुटुंब मुंबईला येणार, चार दिवस दुभाषी हवा. मानधनाच्या तिप्पट रकमेचा चेक येतो आणि वरची रक्कम 'आमच्या ड्रायव्हरला' पाठवायला सांगतात. चेक खात्यात जमा झाल्यासारखा दिसतो, तुम्ही स्वतःचे पैसे पाठवता आणि काही दिवसांनी चेक न वटता परत येतो. हल्ली चेकच्या जागी बनावट एसएमएस किंवा व्यवहाराचा खोटा फोटो येतो. "चुकून एक शून्य जास्त पडलं, परत करा ना!" अशा वेळी एसएमएसवर विसंबू नका, बँकेत खरी शिल्लक पाहा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

कधी कधी पैसे खरोखर येतात, आणि तेव्हा धोका जास्त असतो. ते दुसऱ्या कुठल्या तरी फसवलेल्या माणसाचे असू शकतात. त्यानं तक्रार केली की माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठवलं जातं. अनोळखी रक्कम आली तर ती सांगितलेल्या नंबरवर परत करू नका. बँकेला लेखी कळवा, आणि ती जिथून आली तिथेच बँकेमार्फत परत जाऊ द्या.

नमुन्याच्या नावाखाली फुकट काम करून घेणं हा आपल्या धंद्याचा खास रोग. दोनशे-तीनशे शब्दांचा नमुना मागण्यात काही वावगं नाही. पण 'चाचणी' म्हणून एक पूर्ण प्रकरण येतं, तेव्हा पुढचं प्रकरण दुसऱ्या कोणाला तरी गेलेलं असण्याची दाट शक्यता असते. या सभागृहातल्या दहा जणांनी एकेक प्रकरण फुकट करून दिलं तर आख्खं पुस्तक तयार होईल, आणि दहाही जणांना वाटेल की आपलीच मराठी कमी पडली. मला या प्रकाराची सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्यात पैशाबरोबर माणसाचा स्वतःवरचा विश्वासही जातो.

आपली नावंही चोरली जातात. आपला बायोडेटा उचलायचा, ईमेल बदलायचा आणि यंत्राचा कच्चा अनुवाद आपल्या नावानं खपवायचा. म्हणून सही, जन्मतारीख, आधार क्रमांक बायोडेटावर कधीही घालू नका, आणि अधूनमधून स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधत जा.

याचा अर्थ प्रत्येक अनोळखी माणसाकडे चोर म्हणून पाहावं, असा नाही. तालुक्याच्या गावातला छोटा प्रकाशक जीमेलवरूनच लिहितो. नव्या संस्थेला धड वेबसाइट नसते. माझं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं गिऱ्हाईक पहिल्यांदा अशुद्ध इंग्रजीतल्या चार ओळींतून भेटलं. मी त्यांना नाव, पत्ता, बिल कोणाच्या नावे करायचं आणि इसार किती हे विचारलं, आणि अर्ध्या तासात चारही उत्तरं आली. लबाड माणूस अशा वेळी रागावतो, घाई करतो किंवा भावनेला हात घालतो. आणि जो काम देण्यासाठी तुमच्याचकडून नोंदणी फी, सुरक्षा ठेव किंवा आयडीचे पैसे मागतो, त्याला गिऱ्हाईक म्हणू नका. तिथे प्रश्नही विचारत बसू नका.

नुसता उशीर करणारा आणि फसवणारा यांतही फरक करायला हवा. उशीर करणाऱ्या देशी गिऱ्हाइकासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्यासाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते; काम हाती घेण्याआधीच ती करून ठेवा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आपल्यातले किती जण बिलावर उद्यम क्रमांक छापतात? हात वर करायला सांगत नाही, पण संध्याकाळी एकमेकांना जरूर विचारा.

आणि फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. चिडून किंवा लाजून संदेश पुसू नका. तोच पुरावा असतो. रात्रभर रडून सकाळी फोन करणारे मला भेटले आहेत, आणि त्या एका रात्रीत त्यांचे पैसे हातचे गेले होते.

म्हणून एक ठराव मांडते. आपल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन ज्येष्ठ अनुवादकांनी आपला फोन नंबर नवोदितांना द्यावा, आणि करारावर सही करण्याआधी नवोदितानं तो करार त्यांना वाचून दाखवावा. लातूरच्या आपल्या सहकारिणीनं तिच्या भागासाठी मदतीला यायचं कबूल केलं आहे. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं नाव सांगत नाही; तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.

दाराजवळच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्याला जसं गिऱ्हाईक भेटलं तसं लिहावं: ईमेलचा पत्ता, काम, रक्कम, तारीख. पहिल्या पानावर माझे १८,००० शब्द आणि तो एक अक्षर जास्त असलेला पत्ता लिहिला आहे. दुसरं पान कोरं आहे.