लष्करी कोठाराचा जामीन

श्रोते हो, सोसायटीचं कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. पण लष्करातल्या मेजरलाही जामीनदार शोधत हिंडावं लागे, हे सांगितलं तर नवल वाटेल.

ही गोष्ट अमेरिकेतली. गुलामगिरी टिकावी म्हणून तिथली दक्षिणेची 11 राज्ये संघराज्यातून फुटली आणि 1861 ते 1865 अशी यादवी माजली. दक्षिणेच्या सैन्यात नुसत्या लढणाऱ्या अधिकाऱ्याकडे कोणी जामीन मागत नसे. ज्याच्या हाती पैसा आणि माल, त्याच्याकडे मात्र मागत. क्वार्टरमास्टर कपडे, घोडे, गाड्या आणि पगार पाही. कमिसरी शिध्याचं पाही. काम हाती घेण्याआधी या दोघांना जामीनकतबा लिहून द्यावा लागे: ‘हाती येईल त्या पै-पैचा आणि मालाचा हिशेब देईन.’ खाली जामीनदारांच्या सह्या. हिशेबात खोट आली, तर ती त्यांनी भरून द्यायची. कुंपणानंच शेत खाऊ नये, म्हणून ही तजवीज. फुटून निघालेल्यांनी हा रिवाज जुन्या संघराज्याच्या लष्करी नियमांतूनच उचलला होता.

तजवीज चांगली, पण ती उभी होती कशावर?

एक तर पैशावर. सरकारनं कागदी नोटा भरमसाट छापल्या. 1865 च्या आरंभी सोन्याच्या एका डॉलरला पन्नासाच्या आसपास कागदी डॉलर मोजावे लागत. समजा, कुणाचा जामीन 10,000 डॉलरचा असेल, तर त्याची खरी किंमत उरली 200. कतब्यावरचा आकडा तोच राहिला, धाक मात्र गेला.

दुसरं म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीवर. दक्षिणेच्या कायद्यानं माणूसच मालमत्ता ठरवला होता. बड्या जमीनदाराची ऐपत मोजताना शेताबरोबर गुलामही मोजले जात. 1860 च्या शिरगणतीत या 11 राज्यांत सुमारे 35 लक्ष गुलाम होते. प्रामाणिकपणाची हमी द्यायची, आणि तीही दुसऱ्याच्या हिरावलेल्या स्वातंत्र्यावर!

एप्रिल 1865 मध्ये राजधानी रिचमंड पडली, सेनापती ली शरण गेला, आणि दक्षिणेचं सरकारच उरलं नाही. डिसेंबरात घटनादुरुस्तीनं गुलामगिरीही संपली. कतबे राहिले, त्यांवर पैसे मागणारं ते सरकार मात्र गेलं.

शिक्षक बंधूंनी मुलांना हे जरूर सांगावं. जामीनकीचा कागद प्रामाणिकपणा निर्माण करीत नाही. वेळच्या वेळी तपासलेला हिशेबच खरी राखण करतो. आणि आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यानुसार, उलट काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तेव्हा मंडळी, चहाचा पेला संपायच्या आत सही करू नका. आधी माणूस पाहा, मग त्याचा हिशेब पाहा.