अध्यक्षांच्या हातातली घंटा



१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यानंतर काही तासांतच आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, एका लहान लेकरासह पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. तिथं पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले.

त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पसार होतात. मुळात ही कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फिल्म होती. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा पुढं ढकलला. ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत होतं की आपण शेजाऱ्याचं भलंच करतोय.

हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल, या व्हॉट्सॲप ग्रुपांना वेसण घाला. पण वेसण धरणार कोण, आणि ओढणार केव्हा?

नोव्हेंबर २०१२ मधलं पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असं एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीनं त्याला ‘लाइक’ दिलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तिनं कुणावर धावून जा असं म्हटलं नव्हतं, खोटी बातमीही दिली नव्हती. तिनं एक मत मांडलं होतं, आणि ते पुष्कळांना रुचलं नाही, एवढंच.

नाशिकला हा अनुभव नवा नाही. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कविता छापल्याबद्दल. सत्तेला शब्द टोचला की ती आधी शब्द लिहिणाऱ्याला उचलते, हे या गावानं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन लिखाणाबद्दल शिक्षा देणारं कलम ६६-अ रद्द केलं. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या त्या निकालात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, तिचा पुरस्कार करणं आणि तिच्यासाठी चिथावणी देणं. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं बोलणं कितीही कडू असलं तरी त्याला संरक्षण आहे. कायद्याचा हात पोचतो तो तिसरीवर. मला वाटतं, घराघरातल्या ग्रुपांनाही हीच मोजपट्टी पुरेशी आहे. ‘नगरसेवक कामाचा नाही’ ही चर्चा. ‘त्याला पाडा’ हा पुरस्कार. ‘चला, त्याच्या घरावर’ ही चिथावणी. पहिली दोन वाक्यं ग्रुपवर राहू द्यावीत, तिसरं त्याच क्षणी काढावं.

मग अफवेचं काय? ती चिथावणीचे शब्द वापरत नाही, पण काम तेच करते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे निरोप त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं जाहीर केलं. यात कुणाचा मजकूर वाचला नाही की कुणाचं तोंड बांधलं नाही. फक्त धावणाऱ्याला चालायला लावलं. बोलायची मोकळीक आणि पसरण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हात न लावता दुसरीला लगाम घालता येतो.

आता ॲडमिनकडे येऊ. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्यानं दुसऱ्या सदस्येबद्दल अश्लील लिहिलं, आणि ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्य घ्यायचा किंवा काढायचा, एवढाच ॲडमिनचा अधिकार असल्याचं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा त्याला देता येणार नाही, असा निकालाचा मथितार्थ.

पण कायद्यानं सोडलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. दर मे महिन्यात आपल्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथले अध्यक्ष वक्त्याची मतं तपासत नाहीत. वेळ झाली की घंटा वाजवतात, विषय भरकटला की वळवतात, आणि श्रोत्यांतून प्रश्न आला की तो घेतात. ॲडमिनची घंटा एवढ्यापुरतीच असावी.

प्रत्यक्षात काय घडतं? सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी साडेसहापासून ‘शुभ प्रभात’चे गुलाब चालतात. दुपारी चारशे तीनवाले काका विचारतात, ‘टँकरचं बिल दुप्पट कसं झालं? पावत्या टाका.’ दोघं अंगठा दाखवतात, तिसरे ‘बरोबर आहे’ म्हणतात, आणि पाचच मिनिटांत ग्रुपवर पाटी येते: आता फक्त ॲडमिनच निरोप पाठवू शकतात. मागोमाग सेक्रेटरींचा खुलासा: ‘ग्रुपवर वाद नकोत, आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ गुलाबांना मुभा आणि पावतीला बंदी, हे शिस्तीच्या नावाखाली हिशेब चुकवणं झालं.

म्हणून नियम थोडे असावेत, आधी लिहिलेले असावेत आणि ॲडमिनलाही लागू असावेत. कांदा उत्पादकांच्या ग्रुपवर भाव टाकायचा तर सोबत तारीख आणि बाजार समितीचं नाव हवं. लासलगावचा कालचा भाव पिंपळगावचा आजचा म्हणून फिरला की एखाद्याचा ट्रॅक्टर फुकट फेरी मारतो. माणसावर चिखलफेक नको, त्याच्या कामावर कितीही टीका चालेल. एखादा निरोप काढला तर का काढला, हे ग्रुपवरच एका ओळीत सांगावं. कुणाला बाहेर काढायचं तर आधी एकदा समज द्यावी आणि त्याचं म्हणणं ऐकावं.

आणि आपल्यातले जे ॲडमिन नाहीत, त्यांचं काय? शंका आली तर ‘हे कुठून आलं?’ एवढं ग्रुपवरच विचारावं. खाजगीत नको, सगळ्यांसमोर. त्या प्रश्नानं कुणाचंही स्वातंत्र्य जात नाही, आणि अफवेला सगळ्यात जड जातो तो हाच प्रश्न. तो विचारणारे दोन-चार जण ग्रुपवर असले, तर ॲडमिनला घंटेला हात लावायची वेळ क्वचितच येईल.