काशीतील अमृतराव घाट



काशीतली मराठी वस्ती
घाट आणि अन्नछत्रे यांच्या आश्रयाने वाढली,
ही गोष्ट आज सांगावयाची आहे.

रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी,
1803 साली कंपनी सरकारशी तह करून
सालीना सात लाखांची नेमणूक पदरी घेतल्यावर,
पुढे गंगेच्या काठी
पाषाणाचा घाट, देवालये व अन्नछत्र
मुक्तहस्ताने उभारले.

यात्रेकरूस पंगतीत पान मिळे,
वैदिकास दक्षिणा मिळे;
आणि पेशवाईत तीर्थासाठी आलेली कित्येक कुटुंबे
दुर्गाघाट, ब्रह्माघाट यांच्या अरुंद गल्ल्यांत
पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

होय, घाट आणि अन्नछत्रे यांच्या आश्रयानेच
ही वस्ती वाढली.
दौलतीपेक्षा अमृतरावांची ही पंगतच
मला थोर वाटते.

काशीस गेलात,
तर त्या उंच दगडी पायऱ्यांवर
क्षणभर अवश्य बसा.