आभासी नाणीं आणि दोन सरकारें

नाणें म्हटलें कीं त्यावरील राजमुद्रा डोळ्यांपुढें उभी राहते. नाणें खोटें निघाल्यास दाद कोठें मागावी, हें ती मुद्राच सांगते. २००९ सालीं अवतरलेल्या बिटकॉइनवर मात्र कोणाचीच मुद्रा नाहीं. असंख्य संगणकांवर एकाच वेळीं लिहिली जाणारी खतावणी, एवढाच त्याचा आधार. अशा धनाशीं सरकारनें कसें वागावें, या प्रश्नाचीं भारत व जर्मनी यांनीं दिलेलीं उत्तरें ताडून पाहण्यासारखीं आहेत.

भारतांत प्रथम दार बंद करून पाहण्यांत आलें. या व्यवहारांस बँकांनीं साहाय्य करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें फर्माविलें; सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२० मध्यें तें परिपत्रक रद्द केलें. पुढें २०२२ सालीं कर आला. नफ्यावर शेंकडा ३०, शिवाय विक्रीच्या रकमेंतून शेंकडा १ आगाऊ कपात. खरेदीच्या किंमतीखेरीज कोणताहि खर्च वजा होत नाहीं आणि एका नाण्यांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वळता करतां येत नाहीं. मुंबईच्या एखाद्या गृहस्थास एका नाण्यांत लाख रुपये मिळाले व दुसऱ्यांत लाखच बुडाले, तर पदरीं कांहींच पडलें नाहीं. तरी ३० हजारांचा कर व त्यावरील उपकर त्याला चुकत नाहीं.

जर्मनींत कसोटी काळाची आहे. तेथें हें धन घरांतील सोन्याच्या पंक्तीस बसविलें गेलें. खरेदीनंतर वर्ष उलटल्यावर विकल्यास नफा करमुक्त. वर्षाच्या आंत विकल्यास तो इतर उत्पन्नांत मिळविला जातो. मात्र अशा व्यवहारांतील तोटा तशाच नफ्यांतून वजा होतो. मुंबईच्या गृहस्थाचा प्रसंग बर्लिनमध्यें एकाच वर्षीं, वर्षाच्या आंतील विक्रींत घडला, तर कराचा आंकडा शून्य.

खरा भेद देखरेखीचा आहे. पराचें असें धन सांभाळणाऱ्या पेढीस जर्मनींत २०२० पासूनच परवाना घ्यावा लागला. ३० डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाचा समाईक कायदा पूर्णपणें लागू झाला. त्यान्वयें ग्राहकांचें धन पेढीच्या धनापासून वेगळें ठेवणें बंधनकारक आहे. भारतानें मार्च २०२३ मध्यें या पेढ्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखालीं आणून ग्राहकाची ओळख पटविणें व संशयास्पद व्यवहार कळविणें भाग पाडलें. त्यानें गुन्हेगारास पायबंद बसतो; पेढी बुडाल्यास ग्राहकाचें धन वांचत नाहीं. हें चलन वैध कीं अवैध हा प्रश्न निराळा, कर घेणें हा सार्वभौम अधिकार आहे, अशा आशयाचें उत्तर अर्थमंत्र्यांनीं २०२२ सालीं राज्यसभेंत दिलेंच होतें.

अर्थात् भाव कोसळल्यास भरपाई जर्मन सरकारहि देत नाहीं. ज्या श्रोत्यांच्या घरची तरुण मंडळी या व्यवहारांत उतरली आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कराची पावती ही ठेवीची हमी नव्हे.