शस्त्रक्रियेपूर्वीचे ते काही आठवडे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका भूलतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भूलतज्ज्ञ म्हणजे रुग्णाला झोपवणारा डॉक्टर, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु हा देह शस्त्रक्रियेचा भार पेलू शकेल काय, हे आधी पारखणे हेही आमचेच काम. हे काम करताना जे शिकलो, आणि घरातल्या एका चुकीने जे शिकवले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना जठराचा कर्करोग झाला. या रोगात पुष्कळदा आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि त्यानंतर काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया करतात. आजारापूर्वी तीन मजले न थांबता चढणारे दादा केमोथेरपीनंतर पहिल्याच मजल्यावर धापा टाकू लागले. घरात सर्वांनी त्यांना जपले. पाण्याचा पेलाही वहिनी अंथरुणावर आणून देत. "दादा, आता फक्त विश्रांती घ्या," असे मीच त्यांना बजावले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु खोकून कफ काढण्याइतकेही बळ त्यांच्या अंगी उरले नव्हते. न्यूमोनिया झाला आणि अठरा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. ते बरे होऊन घरी आले, पण माझ्या त्या सल्ल्याची बोच आजही मनात आहे.

असे का होते? केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात कर्करोगाच्या पेशी मरतात, तसेच रक्त निर्माण करणाऱ्या पेशीही दबतात. हिमोग्लोबिन उतरते आणि स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. काही औषधे हृदयाच्या स्नायूला, तर काही पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या यंत्रणेला इजा करतात. मळमळीमुळे आहार घटतो. त्यात अंथरुणाची सवय जडली की मांड्या-पोटऱ्यांचे मांस झरझर उतरते. आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तर शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे खर्च वाढण्याच्या वेळीच शिल्लक आटलेली असते. व्यापारी समाजाला हे अधिक सांगायला नको!

ही शिल्लक मोजता येते. रुग्णाला स्थिर सायकल चालवायला लावून त्याच्या श्वासातील वायू मोजतात आणि कोणत्या मर्यादेनंतर स्नायूंना प्राणवायू अपुरा पडू लागतो ते पाहतात. इंग्लंडमध्ये अन्ननलिका व जठराच्या कर्करुग्णांवर झालेला असा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. केमोथेरपीनंतर ही मर्यादा दर किलो वजनामागे, दर मिनिटाला सरासरी १४.५ मिलिलिटरवरून १२.३ वर आली होती. तेथीलच दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात, गुदाशयाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी व किरणोपचार घेतलेल्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी सहा आठवडे देखरेखीखाली सायकलचा व्यायाम करून घेतला. त्यांची गमावलेली क्षमता बहुतांशी परत आली. उपचार आणि शस्त्रक्रिया यांमधील काळ हा नुसता वाट पाहण्याचा नव्हे, तयारीचा काळ आहे, हेच यातून दिसते.

कृपया गैरसमज नसावा. शक्ती घटते म्हणून केमोथेरपी नाकारणे आत्मघातकी ठरेल. उपचार घ्यावेत आणि शक्तीही राखावी. डॉक्टरांच्या संमतीने रोज चालावे. प्रथम दहा मिनिटे, मग हळूहळू अधिक. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करावा. फिजिओथेरपिस्टकडून दीर्घ श्वसनाचे व्यायाम शिकावेत. तंबाखू त्याच दिवशी सोडावी. मात्र ताप, छातीत दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव असल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

आहाराबाबत आपल्या समाजाशी थोडे मोकळेपणाने बोलतो. आपल्या शाकाहारात प्रथिनांची वाण नाही. मूग, मसूर, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, दूध, दही, पनीर हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आहे. फक्त ते रुग्णाच्या ताटात रोज पडले पाहिजे. दही-पनीर ताजे असावे आणि अन्न गरम व पूर्ण शिजलेले असावे, कारण या काळात जंतुसंसर्ग लवकर होतो. आयंबिल, एकासना वा उपवास आपल्या श्रद्धेचे विषय आहेत. तथापि, पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत, हे आपण जाणताच. या दिवसांत कोणतेही व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि गुरुमहाराजांनाही आजाराची पूर्ण कल्पना द्यावी. लपवून केलेल्या उपवासाची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर चुकवावी लागते.

शेवटी कुटुंबीयांना एक विनंती. रुग्णाच्या हातात पाण्याचा पेला देण्यापेक्षा त्याचा हात धरून त्याला पाण्यापर्यंत चालवत न्या. त्यातही माया आहे, आणि ती अधिक उपयोगी आहे. दादांसाठी मला हे वेळेवर सुचले नाही. आपल्यापैकी एखाद्या घरात तरी ते वेळेवर सुचावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.