तपासणारा कोणाच्या हाताखाली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



१७ जून २०२४ रोजी सकाळी उत्तर बंगालमध्ये रांगापानी स्टेशनाजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. दहा माणसे दगावली. त्यांत मालगाडीचा चालकही होता. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या प्रमुखांनी जाहीर केले की, चालकाने सिग्नल पाळला नाही. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही. परंतु पुढच्याच महिन्यात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला आणि निराळे चित्र दिसले. तेथील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडलेले होते. लाल सिग्नल ओलांडून पुढे जाण्याची लेखी परवानगी खुद्द स्टेशनाने चालकाला दिली होती. ती चुकीच्या प्रकारची होती आणि गाडी किती वेगाने न्यावी हे तीत लिहिलेले नव्हते. त्या सकाळी इतर गाड्यांचे चालकही आपापल्या समजुतीप्रमाणे निरनिराळ्या वेगाने गेले होते. हा अपघात केव्हातरी होणारच होता, असा आयुक्तांचा निष्कर्ष होता.

आजच्या विषयाचे मर्म या दोन निवेदनांमधील अंतरात आहे. पहिले निवेदन रेल्वे चालविणाऱ्यांचे होते, दुसरे रेल्वे तपासणाऱ्याचे.

रेल्वेचा हा सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ऐकताना हे विचित्र वाटते, पण त्यामागे इतिहास आहे. गेल्या शतकापूर्वी रेल्वे खाजगी कंपन्यांच्या होत्या, तेव्हा त्यांच्या कामावर सरकारचे निरीक्षक देखरेख करीत. १९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि निरीक्षक त्या बोर्डाच्याच हाताखाली गेले. ज्याची तपासणी करायची तोच साहेब झाला. यातील विसंगती ध्यानात आल्यावर १९४१ साली निरीक्षकांना टपाल व हवाई खात्याकडे सोपविण्यात आले. हेतू एकच, की रेल्वे बोर्डापासून त्यांना मोकळे करावे. आजची व्यवस्था ही त्याचीच पुढची पायरी आहे.

आपण समाजवाद्यांनी या इतिहासाकडे जरा ओशाळेपणानेच पाहिले पाहिजे. सार्वजनिक मालकी आली की सार्वजनिक उत्तरदायित्व आपोआप येते, असे आपण दीर्घकाळ गृहीत धरले. मीही वर्गात तसेच शिकवीत असे. पण मालक कोणीही असो, गाडी वेळेवर सोडण्याची, खर्च कमी दाखविण्याची आणि चूक झाकण्याची ओढ त्याला असतेच. याचा अर्थ खाजगीकरण हे उत्तर आहे, असा मुळीच नाही. ब्रिटनने रूळ रेलट्रॅक या खाजगी कंपनीकडे दिले. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्ड येथे भेगा पडलेला रूळ तुटून चार माणसे मेली आणि वर्षभरात ती कंपनी डबघाईस आली. मालकी हा एक प्रश्न आहे, तपासणी हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

आपला आयुक्त मोकळा असला, तरी पुरेसा समर्थ नाही. नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडताना त्याची संमती लागते, अपघाताची चौकशी तो करतो. पण त्याच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक नाहीत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतंत्र, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचविले. ते अद्याप अस्तित्वात आलेले नाही.

दुबळ्या तपासणीची किंमत २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे दिसली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत झालेल्या चुकीमुळे कोरोमंडल एक्सप्रेस बाजूच्या रुळावर उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. आयुक्तांच्या अहवालानुसार मे २०२२ मध्ये बांक्रा नयाबाज येथेही चुकीच्या जोडणीमुळेच असा प्रकार घडला होता; त्यातून बोध घेतला असता, तर बालासोर टळले असते. ‘कवच’ यंत्रणा हवी, असे त्यानंतर सर्वत्र म्हटले गेले. ती हवीच. पण जोडणीच चुकून हिरवा दिवा लागला, तर यंत्र तो हिरवाच मानणार. जोडणी तपासायला माणूसच लागतो, आणि दोष सांगण्याइतका तो निर्भय असावा लागतो.

पैशाची कथाही ऐका. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारण्यात आला. या सुरक्षेच्या निधीतून पायांना मालिश करणारी यंत्रे आणि काचसामान घेतल्याचे महालेखापालांनी २०२२ च्या अहवालात नोंदविले.

गाड्यांचे मोठे अपघात कमी झाले आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०००-०१ मध्ये ते ४७३ होते, २०२३-२४ मध्ये ४०. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम विचारावे, की मोजले काय? रूळ ओलांडताना मरणारा माणूस या आकड्यांत नाही. तो कायद्याने ‘घुसखोर’ ठरतो. काकोडकर समितीच्या अंदाजाने असे दरवर्षी सुमारे १५,००० लोक मरत होते, पैकी ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून पडून निदान चार प्रवासी गेले. दारात लोंबकळणे ही त्यांची हौस नव्हती.

पर्यावरणाच्या बाबतीत तर तपासणाराच नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत महामार्ग, बंदरे, विमानतळ आहेत, रेल्वे नाही. त्यामुळे नव्या लोहमार्गाला त्या अधिसूचनेखालील मंजुरी लागत नाही, की जनसुनावणी लागत नाही. कोकण रेल्वे हे मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांच्या, म्हणजे आपल्याच परंपरेच्या, प्रयत्नांचे फळ. तिचा अभिमान बाळगूनही २२ जून २००३ ची वैभववाडीजवळची रात्र आपण विसरू नये. कापलेल्या डोंगरातून दरडीचे दगड मार्गावर आले आणि पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. पुढे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करण्यात आला, कटाईवर पहारे बसले. डोंगर कसा कापावा, पाणी कोठे वाहू द्यावे, हे प्रश्न कागदावर पर्यावरणाचे असतात. मृगाचा पाऊस लागला की तेच सुरक्षेचे होतात.

म्हणून आपल्या मागण्या चार असाव्यात. सुरक्षा प्राधिकरण संसदेच्या कायद्याने स्थापन व्हावे आणि त्यात रेल्वे कामगारांचा प्रतिनिधी असावा. प्रत्येक चौकशी अहवाल, त्यावर काय केले याच्या हिशेबासह, संसदेपुढे यावा. रुळांवरचा प्रत्येक मृत्यू सुरक्षेच्या आकड्यांत धरला जावा. आणि नवे लोहमार्ग पर्यावरणीय तपासणीच्या कक्षेत यावेत.

तोपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. पुढच्या अपघातानंतर चालकाला किंवा गँगमनला दोषी ठरविण्याची घाई होईल, तेव्हा त्याच्या घरी जा, त्याच्या कामाचे तास विचारा, त्याला कोणता कागद दिला होता तो पाहा. रांगापानीच्या चालकाच्या बाजूने बोलणारा तो कागद होता. तो कोणी वाचलाच नसता, तर तो आजही गुन्हेगारच राहिला असता.